विश्लेषण : कल्याण-डोंबिवलीत विनाजिन्याचे घर मिळणे इतके अवघड का?

गुडघ्याची शस्त्रक्रिया, पक्षाघात, रेल्वे अपघात किंवा नुसते वाढते वय. कारण कोणतेही असो, पायांनी जिना नाकारला की तिसऱ्या मजल्यावरचे हक्काचे घरच अडचणीचे होते. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार माणसांनी खाली उतरवायचे आणि संध्याकाळी पुन्हा वर न्यायचे, हे लिफ्ट नसलेल्या इमारतींत नवे नाही. मग घर बदलायचे ठरते आणि खरा शोध सुरू होतो. तळमजला घ्यावा तर पावसाळ्यात पाणी शिरण्याची भीती, लिफ्टची इमारत पाहावी तर लिफ्टपर्यंत पोहोचायलाच चार पायऱ्या. कल्याण-डोंबिवलीत असे घर शोधताना नेमके काय आड येते, कायद्याने काय मिळते आणि व्यवहारापूर्वी काय तपासावे, याचा हा आढावा.

हा प्रश्न किती जणांचा?

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या २९ लाख ६० हजारांहून अधिक होती. देशभरात हालचालींशी संबंधित अपंगत्व असलेल्यांची संख्या ५४ लाखांच्या घरात होती. मात्र जिना ज्यांना जड जातो, त्यांतले बहुतेक जण या आकड्यांत येतच नाहीत. संधिवात, हृदयविकार, दम्याचा त्रास, पार्किन्सन्स किंवा खुब्याचे हाड मोडल्यानंतर आलेली भीती यांसाठी कोणी दिव्यांग प्रमाणपत्र काढायला जात नाही. ‘लक्षणीय’ अपंगत्वाचे लाभ किमान ४० टक्के अपंगत्व असेल तरच मिळतात. त्यामुळे सत्तरी ओलांडलेली, काठी टेकत एकेक पायरी उतरणारी व्यक्ती सरकारी नोंदीत दिव्यांग नसते. पण घरातून बाहेर पडणे तिने महिन्यांपूर्वीच थांबवलेले असते. भाजी, बँक, मंदिर, कट्टा आणि शेजारपाजार एकाच वेळी सुटतो. म्हणून हा प्रश्न केवळ मालमत्तेचा उरत नाही.

जुन्या इमारतींत लिफ्ट का नाही?

कल्याण-डोंबिवली महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली. त्याच्या आगेमागे मुंबईत जागा न परवडणारा नोकरदार मध्यमवर्ग रेल्वेच्या आधाराने इथे आला. त्याच्यासाठी तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. लिफ्टची सक्ती इमारतीच्या उंचीवर ठरत असल्याने या ठेंगण्या इमारती सक्तीच्या बाहेर राहिल्या. लिफ्ट नसली की बांधकामाचा खर्च कमी आणि पुढे देखभालीचा मासिक हप्ताही कमी. तिशीत घर घेणाऱ्याला तेव्हा तिसरा मजला म्हणजे मोकळी हवा आणि डासांपासून सुटका वाटत होती. तेच खरेदीदार आज सत्तरीच्या आसपास आहेत. रहिवासी आणि इमारत एकाच वेळी म्हातारे झाले, हे या शहरांतील प्रश्नाचे मूळ आहे.

तळमजल्यावर घर घेणे हा सोपा उपाय नाही का?

कागदावर सोपा, प्रत्यक्षात नाही. पहिली अडचण उपलब्धतेची. रस्त्यालगतच्या इमारतींचे तळमजले दुकानांनी व्यापलेले असतात. आतल्या गल्लीतले गाळे दवाखाने, शिकवण्या आणि कार्यालयांसाठी चांगल्या भाड्याने जातात. नव्या इमारतींत तर तळाशी वाहनतळ असतो, त्यामुळे राहती घरे पहिल्या मजल्यापासून वर सुरू होतात. मोठ्या संकुलांत वाहनतळाचेच अनेक मजले असले, तर पहिले राहते घर आणखी उंचावर जाते.

दुसरी अडचण पाण्याची. उल्हास आणि वालधुनी या नद्या आणि कल्याणची खाडी यांमुळे सखल भागांतील तळमजल्यांना दर पावसाळ्यात धास्ती असते. २६ जुलै २००५ आणि जुलै २०१९मधील पूर अनेकांच्या स्मरणात आहे. २०१९मध्ये तर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. धडधाकट माणूस गुडघाभर पाण्यातून वरच्या मजल्यावर शेजाऱ्याकडे जातो. ज्याच्यासाठी मुद्दाम तळमजला घेतला, त्याला मात्र तेवढेच करता येत नाही.

तिसरी अडचण पुराच्या भीतीतूनच येते. पाणी शिरू नये म्हणून जोते उंच बांधले जाते आणि तळमजल्याच्या दारापुढे तीन-चार पायऱ्या येतात. जुन्या कल्याणातील बैठी घरे आणि चाळी पाहिल्या तर तिथे जिना नसतो. पण उंच उंबरठा, मोरीचा कठडा आणि सामायिक शौचालयाची पायरी असते. ‘तळमजला’ या शब्दात यांतले काहीच दिसत नाही.

‘लिफ्ट आहे’ एवढे पाहून घर घेतले तर?

फसगत होण्याची शक्यता इथेच सर्वाधिक असते. दलालाच्या जाहिरातीत ‘लिफ्ट आहे’ असे लिहिलेले असते, पण लिफ्ट कुठून सुरू होते आणि कुठे थांबते हे लिहिलेले नसते. काही इमारतींत फाटकापासून लिफ्टच्या दारापर्यंत तीन ते पाच पायऱ्या असतात. नंतर बसवलेली लिफ्ट काही ठिकाणी दोन मजल्यांच्या मधल्या कठड्यावर थांबते आणि तिथून घरापर्यंत अर्धा जिना उरतोच. चार माणसांची छोटी लिफ्ट असेल तर व्हीलचेअर आत जात नाही, किंवा गेली तर सोबतच्या माणसाला जागा उरत नाही. जाळीचे दोन दरवाजे ओढून उघडावे लागत असतील, तर कुबड्या घेतलेल्या व्यक्तीला एकट्याने लिफ्ट वापरता येत नाही.

घराच्या आतही हेच. साध्या व्हीलचेअरची रुंदी साधारण ६० ते ७० सेंटीमीटर असते. मुख्य दार तीन फुटांचे असल्याने खुर्ची दिवाणखान्यात सहज येते आणि घर पसंत पडते. न्हाणीघराचे दार मात्र अनेकदा दोन-सव्वादोन फुटांचेच असते. खुर्ची तिथे अडते. वर पाणी बाहेर येऊ नये म्हणून दिलेली दोन-तीन इंचांची पट्टी पाय न उचलता येणाऱ्याला पडण्याचे कारण ठरते. म्हणून मजला कितवा, यापेक्षा रस्त्यापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत पायरी किती ठिकाणी आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. ही वाट एका जागी तुटली तरी बाकीची सोय निरुपयोगी ठरते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्याच्या कलम ४४नुसार, केंद्राने ठरवलेल्या सुगम्यतेच्या नियमांचे पालन नसेल तर आस्थापनेच्या बांधकाम आराखड्याला मंजुरी देऊ नये, तसेच पूर्णत्वाचा दाखला आणि वापर परवानाही देऊ नये, असे अपेक्षित आहे. खासगी आस्थापनांच्या व्याख्येत कंपन्या आणि फर्मबरोबर सहकारी संस्थांचाही उल्लेख आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अस्तित्वात असलेल्या इमारती सुगम्य करण्याची पाच वर्षांची मुदत मात्र कलम ४५मध्ये सार्वजनिक इमारतींपुरती आहे. रुग्णालय, शाळा, बँक, रेल्वे स्थानक यांसारख्या जागा त्यात येतात. चाळीस वर्षांपूर्वीची खासगी राहती इमारत त्यात थेट बसत नाही. म्हणजे नव्या बांधकामाला मंजुरीच्या टप्प्यावर अट आहे, पण प्रश्न ज्या जुन्या इमारतींत तीव्र आहे तिथे कायद्याचा धाक कमी आहे.

मानके नुसती सूचना म्हणून ठेवायची की सक्तीची करायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१७च्या नियमांतील नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. मूळ कायदा सक्तीची भाषा वापरतो आणि नियम केवळ शिफारस करतो, हे चालणार नाही, असा त्याचा आशय. केंद्राने तीन महिन्यांत सक्तीचे नियम वेगळे काढावेत, असा आदेशही देण्यात आला.

सरकारी गृहयोजनांत काय मिळते?

याच कायद्याच्या कलम ३७नुसार सरकारी गृहयोजनांत लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य आहे. शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आणखी एक उपयोगाची तरतूद आहे. घरवाटपात दिव्यांग सदस्य असलेली कुटुंबे आणि ज्येष्ठ नागरिक यांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. कल्याण तालुक्यात शिरढोण आणि खोणी येथे म्हाडाच्या कोकण मंडळाची घरे आहेत. अशा सोडतीत अर्ज करताना वैश्विक ओळखपत्र किंवा दिव्यांग प्रमाणपत्र हाताशी असणे आवश्यक. घर लागल्यानंतर मजल्याबाबतची विनंती लेखी देऊन पोच घेणे हिताचे.

मात्र अशा वसाहती स्थानकापासून दूर असतात. रिक्षा, बस आणि रुग्णालय यांचे अंतर धरूनच निर्णय घ्यावा लागतो. जिना सुटला पण डॉक्टर दुरावला, असे होऊ नये.

ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांकरिता महारेराने २०२४मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आणली. एकापेक्षा अधिक मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, व्हीलचेअर जाईल अशी वाट आणि किमान ९०० मिलिमीटर रुंदीची दारे अशा अटी त्यात आहेत. सर्वसाधारण प्रकल्पांना त्या लागू नाहीत, पण कोणतेही घर पाहताना ती चांगली मोजपट्टी ठरते.

आहे त्याच इमारतीत लिफ्ट बसवता येते का?

येते, पण चार गोष्टी जुळाव्या लागतात : जागा, इमारतीची ताकद, पालिकेची परवानगी आणि सभासदांची संमती. लिफ्टसाठी जिन्यालगत किंवा बाहेरच्या बाजूला मोकळी जागा हवी. ती नसेल तर मजल्याच्या पातळीवर न थांबणारी लिफ्ट पदरी पडते. संरचनात्मक तपासणी हा टप्पा टाळण्यासारखा नाही. २८ जुलै २०१५च्या रात्री ठाकुर्लीत मातृकृपा ही इमारत कोसळून नऊ जणांचा बळी गेला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला चिकणीपाड्यातील सप्तशृंगी इमारतीत स्लॅब कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. जीर्ण इमारतीला धक्का लावण्यापूर्वी तिची प्रकृती तपासणे का गरजेचे, हे या घटनांनी दाखवले आहे. त्यानंतर लिफ्ट उभारण्याची परवानगी आणि चालवण्याचा परवाना महाराष्ट्र उद्वाहन, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम, २०१७ नुसार घ्यावा लागतो.

सर्वांत अवघड टप्पा बहुधा सर्वसाधारण सभेचा असतो. तळमजल्याचे सभासद ‘आम्हाला लिफ्ट कशाला’ म्हणतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा असतो, मग ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत. म्हणून उभारणीचा खर्च वरच्या मजल्यांनी अधिक उचलायचा का, यावर आधीच बोलणे झाले तर ठराव अडत नाही.

लिफ्ट शक्य नसेल तेथे फाटकाजवळच्या पायऱ्यांवर रॅम्प, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, प्रत्येक मजल्यावर बसायला बाकडे आणि पुरेसा उजेड या गोष्टी तरी करता येतात. रॅम्पचे गणित सोपे आहे. प्रमाण उतार १:१२ म्हणजे एक फूट उंचीसाठी १२ फूट लांबी. दीड फूट उंचीच्या तीन पायऱ्यांसाठी १८ फुटांचा रॅम्प लागतो. चार-पाच फुटांत उरकलेला रॅम्प स्कूटर चढवायला ठीक. व्हीलचेअरसाठी तो घसरगुंडी ठरतो.

पुनर्विकासाची वाट पाहावी का?

४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी आहे. पूर्वी ती ७५ टक्के लागत असे. पुनर्विकासात लिफ्ट मिळते, हे खरे. पण मधली काही वर्षे भाड्याच्या घरात काढायची असतात आणि तेही घर विनाजिन्याचेच हवे असते. विकासक सर्वांना सरसकट भाडे देतो. लिफ्टच्या घराचे भाडे अधिक असते, तो फरक कोण देणार, हे करारातच ठरवून घ्यायला हवे. नव्या इमारतीतील मजला, लिफ्टचा आकार, न्हाणीघराच्या दाराची रुंदी आणि प्रवेशद्वारापासून पायरीरहित वाट या मागण्याही आराखडा मंजुरीला जाण्यापूर्वीच लेखी द्याव्यात. भिंत उभी राहिल्यावर दार सहा इंचांनी वाढत नाही.

विकत घेणे परवडत नसेल तर?

आपले वरचे घर भाड्याने देऊन जवळच्या लिफ्टच्या इमारतीत भाड्याने राहणे, हा अनेक कुटुंबांना जमणारा मार्ग आहे. त्यात शेजार, डॉक्टर आणि कामवाली मावशी यांपैकी काहीतरी टिकून राहते. संस्थेला द्यावे लागणारे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. त्याच संस्थेत खाली राहणारे तरुण कुटुंब तयार असेल, तर दोघांनी एकमेकांची घरे भाड्याने घेण्याची अदलाबदलही करता येते. घरांची कायमची अदलाबदल करायची झाल्यास विनिमयाचा दस्त नोंदवून मुद्रांक शुल्क भरावे लागते, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधी घ्यावा.

भाडेकरार ११ महिन्यांचाच असावा, असे बंधन नाही. दिव्यांग किंवा वृद्ध व्यक्तीला दरवर्षी घर बदलणे झेपत नाही, शिवाय न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवायचे तर थोडी स्थिरता लागते. तीन किंवा पाच वर्षांच्या करारासाठी घरमालकाला विचारावे. करार कितीही काळाचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार त्याची नोंदणी बंधनकारक आहे. दांडे आणि छोटा रॅम्प बसवण्याची परवानगी करारातच लिहून घेतली तर नंतर वाद होत नाही.

घर पाहायला जाताना काय तपासावे?

• मोजपट्टी सोबत न्यावी. लिफ्टचे दार, आतली खोली, घरातील प्रत्येक दार आणि विशेषतः न्हाणीघराचे दार मोजावे. व्हीलचेअर वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते.

• ज्याच्यासाठी घर पाहायचे, त्याला सोबत न्यावे. ते शक्य नसेल तर फाटकापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेचे मोबाइलवर सलग चित्रीकरण करावे. सुटी छायाचित्रे पायऱ्या लपवतात.

• वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, जनित्र आहे का, लिफ्ट मजल्यावर येऊन उघडेल अशी बॅटरीची सोय आहे का, हे रखवालदाराला विचारावे. गेल्या वर्षभरात लिफ्ट किती दिवस बंद होती, हे तोच खरे सांगतो.

• लिफ्टच्या इमारतीतही पहिला किंवा दुसरा मजला बरा. आग लागली की लिफ्ट वापरता येत नाही. अशा वेळी उचलून खाली आणणे खालच्या मजल्यावरूनच शक्य होते.

• शक्य असल्यास पावसाळ्यात घर पाहावे. भिंतीवरील ओलीची रेघ आणि शेजारच्या दुकानदाराची आठवण पुराची पातळी सांगते.

• घराबाहेरचा रस्ताही पाहावा. रिक्षा फाटकापर्यंत येते का, रुग्णवाहिका आत वळते का, गटारावरची झाकणे सपाट आहेत का?

• कागदपत्रे महापालिकेच्या नोंदीशी ताडून पाहावीत. कल्याण-डोंबिवलीत पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये दिला. लिफ्ट आणि रॅम्प पाहून आयुष्याची पुंजी गुंतवायची आणि इमारतच बेकायदा निघायची, ही जोखीम ज्याला पुन्हा घर शोधणे शक्य नाही त्याच्यासाठी सर्वांत मोठी.

संस्था दाद देत नसेल तर?

रॅम्प किंवा कठड्याची मागणी तोंडी करून भागत नाही. व्यवस्थापन समितीकडे लेखी अर्ज द्यावा, सोबत वैद्यकीय कागद जोडावा आणि विषय सर्वसाधारण सभेच्या कार्यसूचीत घेण्यास सांगावे. तरीही हालचाल नसेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे आणि दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत पुण्यातील राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. यात वेळ जातो. त्यामुळे घरातल्या कोणाला जिना चढताना मध्ये थांबावे लागू लागले, की घराचा विचार तेव्हाच सुरू करणे शहाणपणाचे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी शोध सुरू केला, तर जे मिळेल ते घ्यावे लागते.